सरासरी आयुर्मान: आकडा कसा काढतात, कसा वाचायचा आणि तो कसा बदलत गेला

पूर्वी माणसं तिशी-पस्तिशीतच जायची, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. दुसरा म्हणतो, छे, पूर्वीची माणसं धडधाकट, सहज नव्वदी गाठायची. पहिल्याकडे निदान आकडा असतो: १९०० च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं होतं. आकडा ठीक आहे, पण त्यावरून ‘तिशीतच जायची’ असं म्हणता येत नाही. तिशीत मरणं तेव्हाही सर्वसामान्य नव्हतं. खूप मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत मरत आणि उरलेल्यांपैकी बरीच साठीपर्यंत पोचत.

हे नुसतं ऐकून पटत नाही, स्वतः गणित मांडलं की पटतं. म्हणून या लेखात आपण एक जुना, खरा तक्ता घेऊन आयुर्मान हाताने काढणार आहोत. बेरीज, गुणाकार आणि भागाकार एवढं येत असेल तर पुरे.

पायरी १: नेमकं काय मोजायचं ते ठरवा

‘जन्मवेळचं आयुर्मान ७३ वर्षं’ याचा अर्थ असा: या वर्षी प्रत्येक वयाच्या माणसांत मृत्यूचं जे प्रमाण होतं, तेच पुढे कायम राहिलं, तर आज जन्मलेली मुलं सरासरी ७३ वर्षं जगतील. या वाक्यातला ‘तर’ फार महत्त्वाचा आहे. ते प्रमाण कायम राहत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणजे हा आकडा भविष्य सांगत नाही. गाडीच्या स्पीडोमीटरवर ६० दिसलं म्हणजे तासाभराने आपण ६० किलोमीटर पुढे असूच असं नाही, आत्ताचा वेग तेवढा आहे इतकंच. हेही तसंच.

१९१८ ची अमेरिका घ्या. इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे तिथलं आयुर्मान आदल्या वर्षीच्या सुमारे ५१ वरून एकदम ३९ वर आलं आणि १९१९ मध्ये ५५ च्या जवळ गेलं. म्हणून १९१८ साली जन्मलेली मुलं सरासरी ३९ वर्षंच जगली का? मुळीच नाही, ती कितीतरी जास्त जगली. साथीच्या वर्षातले मृत्युदर त्यांच्या वाट्याला आयुष्यभर आले नाहीत.

एका वर्षाच्या मृत्युदरांवरून काढतात ते त्या वर्षाचं आयुर्मान. एकाच वर्षी जन्मलेल्या माणसांचा शेवटपर्यंत माग ठेवून काढतात ते पिढीचं आयुर्मान. दुसरं जास्त खरं असतं, पण त्यासाठी ती पिढी जवळजवळ संपेपर्यंत, म्हणजे शंभरेक वर्षं थांबावं लागतं. बातम्यांत येतो तो आकडा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो.

पायरी २: एक सोपा पण चुकीचा रस्ता टाळा

वर्षभरात मेलेल्यांची वयं घ्या, सरासरी काढा, झालं आयुर्मान, असं वाटणं साहजिक आहे. ते चूक का, हे एका उदाहरणावरून कळेल. कॉलेजात शिकत असताना मेलेल्यांच्या वयांची सरासरी काढली तर ती विशीच्या आसपास येईल. म्हणून विद्यार्थी असणं जिवाला धोक्याचं ठरत नाही. कॉलेजात म्हातारी माणसं नसतात, एवढंच त्यातून दिसतं.

देशांचंही तेच. ज्या देशात जन्म खूप आणि तरुण लोकसंख्या जास्त, तिथे मेलेल्यांचं सरासरी वय कमी दिसतं. म्हाताऱ्यांचा देश असेल तर ते जास्त दिसतं. हा फरक लोकसंख्येच्या ठेवणीचा झाला. मृत्यूचा धोका किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक वयाचा धोका वेगळा मोजावा लागतो, आणि त्यासाठी मेलेल्यांच्या जोडीने जिवंत माणसांचीही मोजदाद लागते.

पायरी ३: मेलेले किती आणि जिवंत किती

अंशात मृत्यू, छेदात माणसं. मृत्यूंचा आकडा नोंदणीतून येतो आणि माणसांचा जनगणनेतून. वर्षाच्या मध्यावर त्या वयाची किती माणसं होती, हा अंदाज सहसा छेदात धरतात. दोन्ही आकडे वयानुसार आणि स्त्री-पुरुष वेगळे हवेत. स्वीडनने १७४९ मध्ये पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या, नोंदींवरून देशभराची आकडेवारी जमवायला सुरुवात केली, म्हणून १८व्या शतकाबद्दल बोलताना सगळे स्वीडनकडे वळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली.

जगात अजूनही अनेक ठिकाणी बरेच मृत्यू कागदावर येत नाहीत. तिथे आडवाटेने जावं लागतं. एक वाट म्हणजे निवडक गावं आणि वस्त्या घेऊन तिथल्या प्रत्येक जन्म-मृत्यूचा कसून माग ठेवायचा. भारताची नमुना नोंदणी पद्धत तशी चालते. दुसरी वाट विल्यम ब्रास या लोकसंख्याशास्त्रज्ञाने दाखवली, आणि माझ्या मते या विषयातल्या सगळ्यात चतुर कल्पनांपैकी ती एक आहे. बायकांना फक्त दोन गोष्टी विचारायच्या: आजवर किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत. आईच्या वयोगटानुसार ही उत्तरं मांडली की बालमृत्यूचा अंदाज बांधता येतो. मृत्यूची तारीख कुणाला आठवावी लागत नाही, दाखला दाखवावा लागत नाही.

वय हीसुद्धा भरवशाची गोष्ट नव्हे. जन्मतारीख माहीत नसलेली माणसं ४०, ४५, ५० अशी गोळाबेरीज वयं सांगतात, तेव्हा ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांना नुसती गर्दी दिसते. म्हातारपणी तर चार-पाच वर्षं सहज वाढवून सांगितली जातात. कागद चोख असलेल्या देशांतही घोळ होतो. २०१० मध्ये जपानच्या कुटुंब नोंदवह्यांत शंभरीपुढची २ लाखांहून अधिक माणसं जिवंत दाखवलेली सापडली, त्यांचा प्रत्यक्षात ठावठिकाणा नव्हता. मृत्यूची नोंद झाली नव्हती आणि नाव तसंच राहिलं होतं. जपानचं आयुर्मान या वह्यांवरून नव्हे तर जनगणनेवरून काढतात, म्हणून तो आकडा बचावला.

पायरी ४: तक्ता मांडा

आता कागद घ्या. १६६२ मध्ये लंडनच्या जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने शहरात दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृत्यूंच्या याद्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने मांडलं की १०० मुलं जन्माला आली तर त्यातली अमुक वयाला इतकी उरतात:

जन्मतः १००
६ व्या वर्षी ६४
१६ व्या वर्षी ४०
२६ व्या वर्षी २५
३६ व्या वर्षी १६
४६ व्या वर्षी १०
५६ व्या वर्षी ६
६६ व्या वर्षी ३
७६ व्या वर्षी १

खरं सांगायचं तर यातले मधले आकडे बरेचसे अंदाजाचे आहेत. त्या याद्यांत मृत्यूचं कारण असे, वय नसे. कुठले आजार लहान मुलांचे, हे पाहून ग्राँटने सहा वर्षांआतले मृत्यू ठरवले, आणि पुढे दर दहा वर्षांनी साधारण तीन अष्टमांश माणसं कमी होतात असं धरून रकाना भरला. आकडे डळमळीत, पण मांडणी इतकी पक्की की आजचे तक्तेही याच सांगाड्यावर उभे आहेत. तीसेक वर्षांनी, १६९३ मध्ये, धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने ब्रेस्लाउ शहराच्या नोंदी वापरून जास्त भक्कम तक्ता केला. ब्रेस्लाउच्या नोंदींत मेलेल्याचं वय होतं. त्यावरून त्याने वर्षासनाची, म्हणजे आज एकरकमी पैसे भरून हयातभर दरवर्षी ठरावीक रक्कम घेण्याच्या कराराची, किंमत घेणाऱ्याच्या वयाप्रमाणे कशी ठरवायची तेही दाखवलं. विम्याचा धंदा पुढे याच गणितावर उभा राहिला.

पायरी ५: जगलेली वर्षं मोजा

प्रत्येक टप्प्यात सगळ्यांनी मिळून किती वर्षं काढली ते पाहू. टप्प्याच्या सुरुवातीला किती होते आणि शेवटी किती उरले, त्यांची सरासरी घ्यायची आणि टप्प्याच्या वर्षांनी गुणायची. मेलेले टप्प्याच्या मध्यावर मेले असं यात गृहीत धरलं आहे.

० ते ६: १०० आणि ६४ ची सरासरी ८२, गुणिले ६ = ४९२
६ ते १६: ५२ गुणिले १० = ५२०
१६ ते २६: ३२.५ गुणिले १० = ३२५
२६ ते ३६: २०.५ गुणिले १० = २०५
३६ ते ४६: १३ गुणिले १० = १३०
४६ ते ५६: ८ गुणिले १० = ८०
५६ ते ६६: ४.५ गुणिले १० = ४५
६६ ते ७६: २ गुणिले १० = २०
७६ नंतर, ८६ पर्यंत कुणी उरत नाही असं धरून: ०.५ गुणिले १० = ५

बेरीज १,८२२. शंभर मुलांत वाटली की १८.२२ वर्षं. ग्राँटच्या तक्त्याप्रमाणे जन्मवेळचं आयुर्मान एवढंच येतं.

आता सहा वर्षं पार केलेल्या मुलाचं काढू. एकूण १,८२२ मधून पहिल्या टप्प्याची ४९२ वजा केली की १,३३० उरतात. त्यांना ६४ ने भागा: २०.८. म्हणजे ते मूल सरासरी २६.८ वर्षांपर्यंत जाईल. सोळाव्या वर्षी उरलेल्या ४० जणांच्या वाट्याला ८१० वर्षं, दरडोई २०.२५, म्हणजे सरासरी ३६ च्या पुढे. छत्तिशीला पोचलेल्या १६ जणांकडे २८० वर्षं, म्हणजे आणखी साडेसतरा, साडेत्रेपन्नपर्यंत. आणि छप्पन्नाव्या वर्षी जे सहाजण उरले ते सरासरी ६७-६८ पर्यंत जातात.

तक्ता तोच, समाज तोच. जन्माला १८ आणि छप्पन्नाव्या वर्षी ६८ असे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत.

एक प्रयोग करून पाहा. सहा वर्षांच्या आतलं एकही मूल दगावलं नाही असं धरा, बाकी काही बदलू नका. मोठ्या माणसांचे आजार तेच, मृत्यूचं प्रमाण तेच. जन्मवेळचं आयुर्मान आता ६ अधिक २०.८, म्हणजे २६.८ होतं. मोठ्यांपैकी कुणीही एक दिवससुद्धा जास्त जगलेलं नाही आणि आयुर्मान मात्र साडेआठ वर्षांनी वाढलं.

हायगेन्स बंधूंनी १६६९ मध्ये याच तक्त्यावर पत्रांतून वाद घातला होता. धाकट्या लोडवाइकने सरासरी काढली, ती आपल्यासारखीच, १८ आणि थोडी वर. थोरला क्रिस्तियान, लंबकाच्या घड्याळाचा तोच, म्हणाला की सरासरी एक आणि निम्मी मुलं कोणत्या वयापर्यंत उरतात हे दुसरं. आपल्या तक्त्यात ६ ते १६ च्या दरम्यान हयात मुलं ६४ वरून ४० वर येतात, त्यामुळे पन्नासचा आकडा बाराव्या वर्षाच्या थोडा आधीच ओलांडला जातो. पैज लावायची तर बारा पाहा, वर्षासनाची किंमत ठरवायची तर अठरा.

पायरी ६: आजच्या आकडेवारीसाठी तीन दुरुस्त्या

एक्सेलमध्ये खऱ्या आकड्यांचा तक्ता करायचा असेल तर रकाने तेच, फक्त ‘अमुक उरतात’ हे आयतं मिळत नाही. मिळतो तो मृत्युदर. त्यावरून त्या वयोगटात मरण्याची शक्यता काढावी लागते. समजा ६० ते ६४ या गटात वर्षाला हजारी २० मृत्यू होतात. पाच वर्षांचे हजारी १०० होतील असं वाटेल, पण छेदातली माणसंही दरम्यान घटत असतात. म्हणून ५ गुणिले ०.०२० म्हणजे ०.१, याला १ अधिक २.५ (पाचाचे निम्मे) गुणिले ०.०२० म्हणजे १.०५ ने भागायचं. उत्तर ०.०९५. साठीला पोचलेल्या हजारांपैकी ९५ जण पासष्टीआधी जातात. मग वरच्या गटातून उरलेल्यांना ही शक्यता लावत खाली यायचं.

दुसरी दुरुस्ती बाळांची. ‘मध्यावर मेले’ हे गृहीतक पहिल्या वर्षाला चालत नाही, कारण तान्ह्या बाळांचे मृत्यू पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत एकवटलेले असतात. म्हणून पहिलं वर्ष वेगळं काढतात, पुढची चार वर्षं वेगळी, आणि तिथून पाच-पाच वर्षांचे गट. ग्राँटच्या तक्त्यातही मेलेली ३६ मुलं सरासरी तीनऐवजी दोनच वर्षं जगली असं धरलं तर आयुर्मान १७.८६ वर येतं.

तिसरी, शेवटचा गट. ८५ आणि पुढे असा उघडा गट असेल तर त्याची मधली रेघ कुठे काढणार? तिथे १ ला मृत्युदराने भागतात. दर ०.१२५ असेल तर पंच्याऐंशीच्या माणसाला सरासरी ८ वर्षं उरली.

लहान गाव किंवा छोटा तालुका घेत असाल तर तीन-पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करा. नाहीतर दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी आयुर्मान उड्या मारतं आणि त्या उडीवर कुणीतरी बातमी करतं.

पायरी ७: बदल वाचताना ‘कोणत्या वयाचा?’ हे विचारा

गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे घडलं तसं माणसाच्या इतिहासात पूर्वी कधी घडलं नव्हतं. १८व्या शतकाच्या मध्याला स्वीडनचं आयुर्मान ३८ च्या आसपास घुटमळत होतं. चांगल्या वर्षी वर जाई आणि दुष्काळात कोसळे, १७७३ मध्ये तर विशीच्याही खाली गेलं होतं. १८४१ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ते चाळीसच्या थोडं वर होतं, पण पाच वर्षं पार केलेलं मूल सरासरी ५५ पर्यंत जाई. तुमच्या हातच्या तक्त्यात दिसलं तेच इथेही दिसतं.

पहिली वाढ लहान मुलं आणि तरुण वाचल्यामुळे झाली. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने देवीची लस आणली. १८५४ मध्ये जॉन स्नो याने लंडनच्या एका पंपाच्या पाण्याशी कॉलऱ्याचा संबंध जोडून दाखवला. गटारं, नळाचं शुद्ध पाणी, रोगजंतूंचं ज्ञान, बाळंतपणात हात धुण्याची सवय, बरं पोषण हे सगळं हळूहळू येत गेलं. श्रेय कुणाला किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. औषधांना सगळं श्रेय देण्याची घाई मात्र करू नये. युरोपात क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध येण्याआधीच खूप घटले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकं, लसीकरण, डासांवर फवारणी यांमुळे हा बदल गरीब देशांतही पोचला, आणि युरोपला शतक लागलं तिथे काही दशकांत पोचला. जुलाबाने मरणाऱ्या मुलांना मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवता येतं हे १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. १९८० मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं. १९९० मध्ये जगात दर हजार जन्मांमागे ९३ मुलं पाच वर्षांआधी दगावत, २०२२ मध्ये ३७.

श्रीमंत देशांत मात्र मुलांच्या बाजूने मिळवण्यासारखं फारसं उरलं नाही. १९९० च्या सुमारास संशोधकांनी हिशेब केला: अमेरिकेत पन्नाशीआधीचे सगळेच्या सगळे मृत्यू टाळले तरी आयुर्मान साडेतीन वर्षांनीच वाढेल. तिथली गेल्या पन्नास वर्षांतली वाढ मुख्यतः हृदयविकार आणि पक्षाघाताचे मृत्यू घटल्यामुळे, म्हणजे वयस्कांमुळे आली. एका अर्थाने दीर्घायुष्य म्हणतात ते या टप्प्यावर वाढू लागलं.

याला मर्यादा किती? १९२८ मध्ये लुइस डब्लिन या अमेरिकी तज्ज्ञाने ६४.७५ वर्षं ही कमाल सांगितली. न्यूझीलंडच्या गैर-माओरी (माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी) स्त्रियांनी ती तेव्हाच ओलांडली होती, त्याच्याकडे फक्त त्यांचे आकडे नव्हते. २००२ मध्ये ओपेन आणि वॉपेल या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रत्येक वर्षी जगात सर्वात पुढे असलेल्या देशातल्या स्त्रियांचं आयुर्मान १८४० पासून दर दशकाला अडीच वर्षांनी वाढत आलं होतं: स्वीडनच्या ४५ पासून जपानच्या जवळजवळ ८५ पर्यंत. अलीकडे तो वेग मंदावला आहे. एका माणसाची नोंदलेली कमाल वेगळी: फ्रान्सच्या झान काल्माँ १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी वारल्या.

आणि ही रेघ नेहमी वरच जाते असं नाही. रशियन पुरुषांचं आयुर्मान १९८७ मध्ये ६५ च्या जवळ होतं, १९९४ मध्ये ते ५८ च्या खाली घसरलं, त्यात दारूचा वाटा मोठा होता. एड्सने आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या देशांची काही दशकांची कमाई पुसली, औषधं पोचल्यावर ती भरून निघू लागली. जगाचं आयुर्मान, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, २०१९ मध्ये ७२.६ होतं, कोविडच्या साथीत २०२१ मध्ये ७०.९ वर आलं आणि २०२४ मध्ये ७३.३ झालं. यातली घट वाचताना पहिली पायरी आठवा: प्रत्येकाचं आयुष्य पावणेदोन वर्षांनी कमी झालं, असा तिचा अर्थ होत नाही.

पायरी ८: स्वतःच्या कामासाठी वापरताना

निवृत्तीचं नियोजन करताना जन्मवेळचं आयुर्मान वापरू नका. ‘आयुर्मान ७३, मी ६०, म्हणजे १३ वर्षांची तरतूद’ हा हिशेब घातक आहे, कारण साठीआधी गेलेल्या सगळ्यांचा भार त्या आकड्यावर आहे आणि तुम्ही त्यांच्यात नाही. तक्त्यात साठीसमोरचा आकडा पाहा, स्त्री-पुरुषांचा वेगळा. जगभर स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं जास्त जगतात.

तो आकडासुद्धा सरासरी आहे आणि जवळपास निम्मी माणसं त्याच्या पुढे जातात, म्हणून पैसे तिथपर्यंतच पुरतील अशी आखणी करणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. नवरा-बायको दोघांचा विचार असेल तर गणित आणखी बदलतं. दोघांपैकी प्रत्येकाची ८५ गाठण्याची शक्यता निम्मी असेल, तर दोघंही न गाठण्याची शक्यता एक चतुर्थांश, म्हणजे निदान एकजण ८५ ला असेल याची शक्यता तीन चतुर्थांश.

शेवटी, जगलेली सगळी वर्षं धडधाकट नसतात. त्यासाठी निरोगी आयुर्मान हा वेगळा आकडा असतो. डॅनियल सलिव्हन याने १९७१ मध्ये सांगितलेली पद्धत सोपी आहे: पायरी ५ मधल्या प्रत्येक टप्प्याच्या वर्षांना त्या वयातल्या आजारपण किंवा अपंगत्व नसलेल्या माणसांच्या प्रमाणाने गुणा आणि मग बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटना थोड्या वेगळ्या पद्धतीने हा आकडा काढते. तिच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगाचं आयुर्मान ७३ च्या आसपास होतं आणि निरोगी आयुर्मान ६४ च्या आसपास. तरतूद करताना ही मधली नऊ-दहा वर्षं वेगळी धरा, कारण त्या वर्षांत औषधपाण्याचा आणि मदतनिसाचा खर्च वाढतो.